दर्भाचा कावळा

आईच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना.

आमच्या लष्कर मोहल्ल्यातून टेम्पोनं घाटावर आलो होतो: मी, धाकटा भाऊ आणि गुरुजी. "बायका येत नाहीत घाटावर," असं गुरुजी म्हणाले, तेव्हा "मी येणार," एवढंच मी म्हटलं. एरवी कडाकडा भांडले असते, पण अंगात जोरच नव्हता. आई गेल्यापासून डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. दाढ काढल्यावर गाल होतो, तसं सगळं बधिर.

समोरच्या पिंपळावर कावळे होते, खाली मात्र येत नव्हते. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. ती ओळखून वचन द्यायचं. भावानं हात जोडले. "आई, घर विकणार नाही." काही नाही. "नातीचं लग्न थाटात करू." काही नाही. "ताईला अंतर देणार नाही."

अगं बाई! साठी उलटलेली, स्वतःच्या पेन्शनवर जगणारी मी, आणि हा मला अंतर देणार नाही! कावळ्यांनाही ते पटलं नसावं.

"ताई, अब तू बोल न काहीतरी," तो म्हणाला. "दुनियाभरच्या लोकांना काय कमी आहे, ते तुलाच तर माहीत असतं."

खरंच होतं ते. कुठल्या देशात कुणाच्या ताटात किती पडतं, याचा हिशेब मांडण्यातच माझी सगळी नोकरी सरली. पण आमचं गणित घराच्या उंबऱ्यापर्यंतच जायचं. आत कोणाच्या वाट्याला काय येतं, याची माहिती सहसा नसायची. मग घरात आलं ते सगळ्यांना सारखं मिळालं, असं धरून चालायचं. नाहीतर गाडं पुढे सरकत नाही.

आईला कधीही विचारलं, काय हवं, की ती म्हणायची, "मला काय हवं असणार?" तिथे उभी राहून मला तिचं तेवढंच वाक्य आठवत होतं. तिला गोड आवडायचं की तिखट? देवा, मला ठाऊकच नव्हतं.

गुरुजींना गोरखी मोहल्ल्यात दुसरं काम होतं. त्यांनी दर्भाच्या काड्यांना गाठ मारून कावळा केला आणि पिंडाला टेकवला. भावानं सुटकेचा निःश्वास टाकला. खरं कळत नसलं की असं काहीतरी धरून चालायचं. ही रीत मला नवी नव्हती.

खासगी बाजार पेठेतल्या आमच्या घरी पानं मांडलेली होती. भावजयीनं आम्हा दोघांना वाढलं.

"तूही बस ना," मी म्हटलं.

"तुम्ही घ्या ताई, मी मागून बसते."

"बरं, तुला काय हवंय? खरं सांग."

ती हसली. "मला काय हवं असणार, ताई?"

घास हातातच राहिला आणि मला रडू फुटलं. भावाला वाटलं, ठसका लागला.

"अगं, ताईला पाणी आण," तो म्हणाला, आणि ती लगबगीनं आत गेली.