तांब्याची पळी आणि नांदेडची बॅटरी

मोटारीला महागाची बॅटरी घ्यावी की स्वस्तातली, असं तुम्हाला कुणी विचारलं तर खुशाल माझ्याकडे पाठवून द्या. हसू नका! आमच्या वसमतच्या आळीत या विषयात माझ्याइतकी नावाजलेली बाई दुसरी नाही. कशी नावाजले ते सांगते, चहा संपेपर्यंत होईल सांगून. एवढंच करा, आमच्या ह्यांच्यासमोर हा विषय काढू नका.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. हळदीच्या आडतीवरून ह्यांचं मन उठलं आणि ह्यांनी एक जुनी मोटार घेतली. वसमतहून शिरड शहापुरावरून औंढ्याला सवाऱ्या न्यायच्या, असा बेत. त्याला सरकारी परवाना लागायचा, आणि परवान्याला तहसीलदारसाहेबांची शिफारस. साहेब म्हणाले होते, "दसऱ्याला बंदोबस्त बघायला मला औंढ्याला जायचंय. तुमच्या मोटारीनं जातो. धड पोचवलंत तर शिफारस करतो."

म्हणजे आमचा संसारच मोटारीत बसून औंढ्याला निघाला होता म्हणा ना! मी तर औंढ्याच्या नागनाथाला बोलून ठेवलं होतं, परवाना मिळू दे, श्रावणातले सगळे सोमवार निरंकार धरीन.

मोटारीत खोट एकच होती, तिची बॅटरी. म्हातारी झाली होती बिचारी. मोटार कधी एका दमात सुरू व्हायची, कधी आमचे ड्रायव्हर करीमभाई हँडल फिरवून फिरवून घामानं निथळायचे. नवी घ्यायला हे नांदेडला जाऊन आले, पण रिकाम्या हातांनी.

"दोन तऱ्हेच्या हायत," हे म्हणाले. "एक साधी, लाकडी पेटीतली. दुसरी इलायती, काळी कुळकुळीत. पण तिची किंमत दुप्पट! काहून घ्यायची महागाची? काम तर दोन्ही एकच करून राहिल्या."

आता मी काय बोलावं यात? मोटारीतलं मला काय कळतं? पण नंदादीपातलं कळतं ना!

मी म्हटलं, "अहो, नवरात्रातल्या अखंड दिव्याला आपण चांगलं तेल घालतो की गाळातलं? गाळातलं घातलं की दिवा तडतडतो, काजळी धरतो, अन् नेमका नको तेव्हा विझतो. बॅटरीचं तसंच असंल. महागाचीच आणा."

"अन् पैसे?"

"या दसऱ्याला मला लुगडं नको."

हे माझ्याकडे बघतच राहिले. लुगडं नको म्हणणारी बायको म्हणजे साक्षात चमत्कार! दुसऱ्या दिवशी विलायती बॅटरी घरात. जुनी काढून गोठ्यात ठेवली. नवीनं मोटार अशी चालू झाली की करीमभाईंनी हँडल मारायला बाह्या वर केल्या होत्या, त्या नुसत्याच खाली घ्याव्या लागल्या. मी मनातल्या मनात ते लुगडं नेसून घेतलं.

इथपर्यंत सगळं बराबर झालं. मग आली खंडेनवमी.

त्या दिवशी आमच्याकडे पोटापाण्याच्या सगळ्या साधनांची पूजा. ताजवा, मापं, विळी, कोयता. मग ज्या मोटारीवर पुढं पोट चालायचं, ती कशी सोडायची? पण मोटार काही देवघरात मावत नाही. मी करीमभाईंना म्हटलं, "निदान तिचा जीव तरी आणून ठेवा पाटावर."

करीमभाईंनी बॅटरी उचलून आणली. अलगद पाटावर ठेवली. जाताना मात्र दारातून वळून म्हणाले, "बाई, पूजा करो, फूल डालो. बस इसपे लोहा मत रखना."

"अहो करीमभाई, देवाच्या पाटावर लोखंड कोण ठेवंल? मला काय एवढं कळत न्हाई?"

बघा हं! लोखंड नको, हे मी पुरेपूर पाळलं. कोयतासुद्धा उचलून दुसऱ्या पाटावर नेला. बॅटरीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. तिच्या डोक्यावर शिशाचे दोन खुंट होते, त्यांना एकेक बोट गंध लावलं. आणि आचमन झाल्यावर तांब्याची पळी सहज ठेवली त्या दोन खुंटांवर आडवी.

चट्ट!

निळी ठिणगी! देवघर क्षणभर उजळून गेलं. माझ्या हातून पळी उडाली ती थेट नैवेद्यात.

तुम्ही काय केलं असतं? पळाला असता. मी हात जोडले. इतकी वर्षं इतक्या देवांची पूजा केली, पण उलट उत्तर म्हणून कुणी दिलं नव्हतं. हिनं दिलं! आणि तेसुद्धा पहिल्याच पूजेला! खरंच का हा प्रकार, म्हणून पळी पुन्हा टेकवली. चट्ट! पुन्हा निळा उजेड.

तेवढ्यात शेजारच्या गोदाकाकू वाटी मागायला आल्या, त्या उंबऱ्यातच थिजल्या. "अगं बाई! हे काय करून राहिली?"

"महागाची आहे ना काकू. तेज आहे तिच्यात."

"अन् ती जुनी? तिच्यात होतं का असं?"

"ती कसली! तिच्यात उभ्या जन्मात ठिणगी दिसली न्हाई." जुनीवर कधी पळी टेकवून बघितली नव्हती, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

काकूंना वाटी मिळाली. ती घेऊन त्या कुठं गेल्या म्हणता? घरी? छे! सगळी आळी फिरून आल्या. दुपारपर्यंत आमच्या देवघरात पाय ठेवायला जागा नाही. कुणी नारळ आणला, कुणी बेल. एकीनं आजारी लेकराला आणून लांबून पाया पडायला लावलं. आलेल्या प्रत्येकीला मी पळी टेकवून दर्शन घडवत होते. आणि दर वेळी सांगत होते, "बायांनो, वस्तू घ्यावी तर अशी. चार पैसे जास्त गेले तरी चालतील."

गोदाकाकू पदर ओढून म्हणाल्या, "आमचे हे म्हणत होते, मोटारवाल्यांचं डोस्कं फिरलंय. आता म्हणू दे म्हणावं!"

दिवेलागणीपर्यंत ठिणगी बारीक होत गेली. शेवटी तर नुसती चुणूक. मी समाधानानं डोळे मिटले. म्हटलं, देव तृप्त झाला. आता तृप्त देवाजवळ पळी-पंचपात्र ठेवायची आमची रीतच आहे. पळी त्या खुंटांवर तशीच आडवी ठेवली आणि निवांत झोपले.

दसऱ्याची सकाळ. तहसीलदारसाहेब कडक इस्त्रीत येऊन मोटारीत बसलेले. करीमभाईंनी बॅटरी पुसून जागेवर बसवली, हँडल मारलं. मोटार गप्प. पुन्हा मारलं. गप्प. ह्यांनी भोंग्याची कळ दाबली, तर भोंग्यानं नुसता सुस्कारा सोडला.

हे चवताळले. "फसवलं! नांदेडच्या त्या दुकानदारानं चक्क फसवलं!"

साहेब रुमालानं कपाळ टिपत म्हणाले, "महागाची घेतलीत ना? मला वाटलंच. आमच्या कचेरीच्या मोटारीलाही घ्यायची होती, बरं झालं कळलं. साधीच घेऊ. आणि तुमचं काय हो? मी दुसरी गाडी बघू का?"

मी दाराआड उभी होते. परवाना डोळ्यांदेखत चालला होता, ते दुःख होतंच. पण खरं सांगू? त्याहून जास्त झोंबलं ते "साधीच घेऊ." माझा दिव्याचा दाखला, माझं लुगडं, आळीभर सांगितलेलं! पदर सावरला आणि आले की बाहेर.

"साहेब, बॅटरीला नावं ठेवू नका. चांगली आहे ती! काल दिवसभर तेज दाखवलंय तिनं. सगळ्या आळीनं दर्शन घेतलं."

करीमभाईंच्या हातातलं हँडल तसंच राहिलं. "तेज? कायसे दिखाया, बाई?"

"पळीनं. दोन खुंटांवर टेकवली की लखलख! रात्रभर तशीच ठेवली होती, म्हणजे तेज सांडायला नको."

करीमभाईंनी हँडल खाली टाकलं आणि कपाळाला हात लावला.

"मैं बोला था ना," करीमभाई रडकुंडीला येऊन म्हणाले, "लोहा मत रखना?"

"मी कुठं लोखंड ठेवलं? तांब्याची होती! शुद्ध तांब्याची!"

साहेब प्रथम खोकले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग मोटारीचं दार हलायला लागलं. हे मात्र हलेचनात, माझ्याकडे बघत नुसते उभे.

शेवटी करीमभाई गोठ्यात गेले. शेण पुसून जुनी म्हातारी आणून बसवली. तिला ना हळद ना कुंकू, पाट तर सोडाच, कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. म्हणूनच जिवंत राहिली असेल. दहाएक वेळा हँडल खाऊन एकदाची भुरर्र झाली, आणि औंढ्याला जाऊन आलीसुद्धा.

संध्याकाळी सोनं द्यायला साहेब आमच्याकडे आले. मी दोन्ही डोळे जमिनीला लावून चहा पुढं केला.

"शिफारस करतो," ते ह्यांना म्हणाले. "पण एका शर्तीवर. वहिनींनी त्या परवान्याची पूजा करायची न्हाई."

परवाना आला. ह्यांनी तो देवघरापासून लांब, पार ओसरीच्या टोकाला टांगला. मी अजून लांबूनच हात जोडते, हातात पळी नाही हे आधी दाखवून. श्रावणाचे सोमवार मात्र बोलल्याप्रमाणे सगळे केले. विलायती बॅटरी नांदेडला नेऊन पुन्हा भरून आणली, आणि ती पुढं चांगली तीन-चार पावसाळे चालली. जुनी त्याच दिवाळीत गेली.

तेव्हा, महागाची घ्यावी का? घ्यावी की! बेलाशक घ्यावी. फक्त घेण्याआधी घरात एक चक्कर टाकावी, आणि माझ्यासारखी कुणी भाविक बाई सापडली, तर साधी आणावी. खर्च कमी येतो.