पडदा काळा केला म्हणजे पुसलं जात नाही

आमच्या वर्गात टॅब एकच होता आणि शिकणाऱ्या बायका आठ-दहा. कोणाच्या तरी मुलाने नवा घेतला म्हणून त्याने जुना आम्हाला शिकवणाऱ्या बाईंना दिलेला. त्यात एआय होतं. प्रश्न लिहिला की मराठीत उत्तर यायचं. बाईंनी पहिल्याच दिवशी दंडक घातला. मशीनला खुशाल विचारा, पण आलेलं उत्तर मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ते पुस्तकात शोधायचं, आणि सापडलं तरच वहीत उतरवायचं. वाचून झालं की बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "पुस्तकात कुठे आहे?"

सतरा नंबरचा फॉर्म भरून आम्ही बाहेरून दहावीला बसणार होतो. माझी शाळा सातवीनंतर सुटली. गावात पुढचे वर्ग नव्हते, आणि मुलीला रोज तालुक्याला पाठवायला घरचे तयार नव्हते. मामांच्या ओळखीने हिंगोलीकडून रत्नागिरीला आले, ती मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटायला. दुपारची भांडी आवरली की बुधवारी आणि रविवारी वर्ग. बाई एक पैसा घेत नव्हत्या. त्यांचे उपकार मी कसे फेडू, हा विचार करतच मी दर वेळी वर्गाचा चढ चढायचे.

पण वर्गात मी शेवटच्या बाकावर एकटी. बाकीच्या एकमेकींना ओळखायच्या. हिची नणंद तिच्या वाडीत दिलेली. पहिल्याच आठवड्यात मी 'का'च्या जागी आमच्याकडचं 'कामून' म्हणाले आणि दोघी हसल्या. मनात काही वाईट नसेल त्यांच्या. तरी तेव्हापासून मी बोलण्याआधी वाक्य मनात घासूनपुसून घ्यायचे, आणि तोवर बोलणं पुढे गेलेलं असायचं.

मशीन हसत नव्हतं. अपूर्णांकांचा भागाकार त्याने मला कितीदा तरी समजावला, प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे. खोटं कशाला सांगू, मला त्याचा लळा लागला होता.

एका रविवारी टॅबवर माझी पाळी आली तेव्हा बाकीच्या कोणाच्या तरी डब्यातल्या घावनांभोवती जमल्या होत्या. मला कोणी हाक मारली नाही. मला विचारायचं होतं भिंगांबद्दल, आणि लिहून बसले भलतंच. 'दिवसभर पोळ्या लाटते, वर्गाला येते, पण इथे माझ्याशी कोणी बोलत नाही. वर्ग सोडून गावी जाऊ का?' भलंमोठं उत्तर आलं. मनातल्या मनात अर्धं वाचते तोच बाई म्हणाल्या, "चला, पुढची पाळी." मी बटण दाबून पडदा काळा केला आणि टॅब पुढे दिला. काळा झाला म्हणजे गेलं, अशी माझी समजूत.

पुढची पाळी मिरकरवाड्याच्या मावशींची. त्या सकाळी मासे विकून यायच्या आणि शब्दाखाली बोट धरून, मोठ्यानेच वाचायच्या. झाडं अन्न कसं तयार करतात, हे त्यांना विचारायचं होतं. टॅब उघडला, समोर उत्तर दिसलं, आणि दंडकाप्रमाणे त्यांनी सुरुवात केली.

"तुम्हाला… एकटं वाटणं… स्वाभाविक आहे."

"झाडाला पण एकटं वाटतं काय गो, मावशे?" कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"वर्गातल्या… एखाद्या मैत्रिणीशी… बोलून पाहा."

"पुस्तकात कुठे आहे?" पुढच्या बाकावरचीने हुबेहूब बाईंचा आवाज काढला. मग तर बाईसुद्धा हसल्या.

माझे कान तापले. पिशवीचा बंद मी मुठीत धरला होता. ठरवलं, आज उठायचं ते कायमचं. मावशींचं बोट वर सरकत प्रश्नापाशी गेलं. त्यात पोळ्या होत्या. तो वाचला की आंधळ्यालाही कळलं असतं कोणी लिहिलंय.

मावशींचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. त्यांना मनात वाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी मान वर केली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"बाई, ह्यात कायतरी जुनं ऱ्हायलंय. पुसायचा कसा ता दाखवा."

बाईंनी टॅब घेतला, क्षणभर वाचलं आणि त्यांचं हसू मावळलं.

"सगळ्यांनी इकडे बघा," त्या म्हणाल्या. "पडदा काळा केला म्हणजे पुसलं जात नाही. हे असं काढायचं. इथून जाईल, पण मशीनवाल्या कंपनीकडे राहतं की नाही, मलाही ठाऊक नाही. म्हणून घरचं, मनातलं, नाव-गाव यात घालायचं नाही. अभ्यासाचं विचारा." टॅब मावशींना परत देत म्हणाल्या, "उत्तर ते चांगलं देतं हो. पण उद्या तुमच्यातली एखादी आली नाही, तर ते चौकशीला जाणार नाही."

मी उठले नाही. तेवढ्यात मावशी पुस्तक घेऊन मागे आल्या.

"सरक गो जरा. हे हरितद्रव्य म्हणजे काय ता सांग. मशीन ऱ्हाऊ दे, तू सांग."

मी सांगितलं. अडखळत, आमच्याकडच्या बोलीत. त्या मध्येच थांबवून पुन्हा विचारायच्या. वर्ग सुटताना म्हणाल्या, "बुधवारी येशील ना?"

"येईन," मी म्हणाले.

बुधवारी गेले. मावशी आल्या नव्हत्या. होड्या उशिरा लागल्या, असं कोणीतरी म्हणालं. मी बाकाच्या कडेला सरकून, मावशींपुरती जागा ठेवून बसले, वर्ग सुटेपर्यंत तशीच.