आधी चिठ्ठी, मग हनुवटी

दोरेकाकूंच्या पार्लरच्या दारावर ‘पुरुषांना प्रवेश नाही’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि रागाच्या भरात पडदा सारून सरळ आत गेलो. समोरच्या खुर्चीत चेहऱ्याला मुलतानी माती थापून एक बाई रेलून बसल्या होत्या. मातीतून नुसते डोळे दिसत होते. त्या डोळ्यांनी मला ओळखलं आणि मीही त्यांना ओळखलं. आमच्या कचेरीच्या मोठ्या बाईसाहेब. मी सवयीने ‘गुड मॉर्निंग, मॅडम’ म्हणालो. तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

काकू बाजूच्या स्टुलावरच्या मुलीच्या भुवया कोरत होत्या. दातांतला दोरा न सोडता त्या म्हणाल्या, ‘‘भावोजी, पायरीवर बसा. येते.’’

मी पायरीवर जाऊन बसलो.

काकूंचं सगळं बोलणं असंच दोऱ्यामागून येई. एक टोक दातांत, दोन्ही हात दोऱ्याच्या फासात, आणि त्यातूनच गावच्या चौकशा. लांब वाक्य बोललं की दोरा ढिला पडतो, म्हणून त्यांची वाक्यं तीनचार शब्दांची असत. आमच्या मांडवीत नव्याने राहायला आलेल्यांना दोरे हे त्यांचं आडनावच वाटे. खरं आडनाव मला आजही ठाऊक नाही. माझ्या बायकोला असेल. ती त्यांच्याकडे लग्नानंतर लगेच जायला लागली होती.

माझ्या रागाचं कारण साधं होतं. आमची सई तेव्हा वीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. परवावर तिच्या आतेबहिणीचा साखरपुडा आलेला, पावस गावी. सई पार्लरला गेली आणि रडत परत आली. काकूंनी भुवया केल्या, पण हनुवटीवरचे केस काढायला नकार दिला. त्यांचा एक नियम होता. तरुण पोरीच्या हनुवटीवर राठ केस यायला लागले, की त्या म्हणत, ‘‘आधी चिठ्ठी, मग हनुवटी.’’ चिठ्ठी म्हणजे डॉक्टरांची. या नियमापायी किती गिऱ्हाइकं रागावून दुसरीकडे गेली असतील कोण जाणे. बायको म्हणाली होती, ‘‘तुम्ही जाऊ नका, मी बघते.’’ मी गेलो.

काकू हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी पायरीवरच बसल्या. दोरा नसल्यामुळे त्यांचा चेहरा मला अनोळखीच वाटला.

‘‘तुम्हाला विचारू नये, पण तुम्हीच आलात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सई यंदा गणपतीत बाजूला बसली होती?’’

माझे कान तापले. तरी मी जरा तोऱ्यातच म्हणालो, ‘‘मुळीच नाही. गोळीसुद्धा लागली नाही तिला.’’

इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे अजून त्या चार दिवसांत बाईने देवाजवळ जायचं नाही. गणपती जवळ आले की घरोघरी तारखा मोजल्या जातात आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायला मेडिकलवर फेऱ्या सुरू होतात. आमच्या घरची फेरी माझ्याकडे. दुकानात ओळखीचं कुणी असलं की मी आधी खोकल्याचं औषध मागत असे, त्यामुळे घरात खोकल्याच्या बाटल्यांची रांग लागली होती आणि खोकला कोणालाच नव्हता. त्या वर्षी सई म्हणाली, ‘‘बाबा, मला नकोत.’’ मला हायसं वाटलं. पावसहून आलेली माझी थोरली बहीण म्हणाली, ‘‘बाप्पालाच काळजी हो पोरीची.’’ सईने बसल्या बैठकीला एकशे एक मोदक वळले. साऱ्या घराने तिचं कौतुक केलं. गोळ्या का नकोत, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

‘‘आणि त्याच्या आधीच्या महिन्यात?’’ काकूंनी विचारलं.

‘‘मला काय माहीत?’’

‘‘तेच तर. पूर्वी माझ्याकडे ओठावरची लव काढायला महिन्याने यायची, आता दहा दिवसांनी येते. मान काळी पडलीय म्हणून लिंबू चोळून चोळून कातडी सोलवटलीय पोरीने. तो मळ नाय, भावोजी. आतलं काहीतरी बिघडलंय. मी दोरा फिरवला असता तर साखरपुड्यात छान दिसली असती. दुखणं तिथेच राहिलं असतं.’’

मी भांडायला आलो होतो, ते राहूनच गेलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती सईच्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. पोरीला सात महिने पाळी आली नव्हती. फोनवर काहीबाही वाचून तिने ठरवून टाकलं होतं, की आपल्याला कधी मूल होणार नाही, तेव्हा लग्न करायचं नाही आणि कोणाला काही सांगायचंही नाही. एकशे एक मोदक वळताना ती मनात हे घेऊन बसली होती.

दवाखान्यात बाहेर बसलेल्यांत मी एकटाच पुरुष होतो. सईच्या वर्गातल्या दोघी तिथे निघाल्या. तिघी एकमेकींकडे बघून आधी दचकल्या, मग हसल्या. रक्ताची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘पीसीओएस आहे. हार्मोन्सची गडबड. या वयात पुष्कळ मुलींना असते. मुळापासून जाईल असं सांगत नाही, पण ताब्यात राहते. आणि मूल होणार नाही असं कोण म्हणालं?’’

‘‘फोन,’’ सई म्हणाली.

‘‘त्याची डिग्री बघून घे एकदा.’’

चिठ्ठी घेऊन सई दुसऱ्याच दिवशी पार्लरला गेली. काकूंनी ती चष्मा लावून वाचली, घडी करून तिला परत दिली आणि मग दोरा दातांत धरला.

पुढे मला पायरीवर बसायची परवानगी मिळाली. बायकोला न्यायला गेलो की पडद्याआडचं बोलणं कानावर येई. आत भिंतीलगत एक लांब बाक होता. त्यावर राजिवड्याची बुरख्यातली मुलगी असे, बंदरावरच्या मासेवाल्याची सून असे, बँकेतली नवी अधिकारी असे. कोणाचे केस गळत, कोणाचं वजन वाढे, कोणाला थायरॉइड. काकू म्हणत, ‘‘सगळ्या एकाच बाकावर बसतात, नि प्रत्येकीला वाटतं आपल्यालाच झालंय.’’ कोणी म्हणालं, काकू, तुम्ही डॉक्टर का झाला नाहीत, तर उत्तर ठरलेलं. ‘‘डॉक्टरकडे बाई दुखल्यावर जाते. माझ्याकडे दुखायच्या आधी येते.’’

स्वतःबद्दल त्या फारशा बोलत नसत. सईला एकदाच म्हणाल्या होत्या, ‘‘माझंही असंच होतं गो. तेव्हा सासरच्यांनी देवाला नेलं, अंगारा लावला, मग माहेरी पोचवलं. डॉक्टरकडे तेवढं नाय नेलं.’’ एवढं सांगून त्यांनी तिला मान वर करायला सांगितली. हे मला सईने सांगितलं, तेही पुष्कळ दिवसांनी.

डॉक्टरबाईंनी पाळी यायच्या गोळ्या दिल्या होत्या आणि रोज चालायला सांगितलं होतं. म्हणून सई आणि मी सकाळी मांडवीच्या जेटीपर्यंत चालू लागलो. तिचं वजन उतरलं. माझं उतरलं नाही, कारण परतीच्या वाटेवर ती चालत असे आणि मी वडापावच्या गाडीपाशी तिची वाट पाहत असे. मार्चमध्ये एका सकाळी बायकोने काही कारण नसताना शिरा केला. मी कशाबद्दल म्हणून विचारलं. सई ताटात बघून म्हणाली, ‘‘आपसूक आली, बाबा. गोळीशिवाय.’’ मी दुसऱ्यांदा शिरा घेतला. 

गेल्या दिवाळीनंतर काकूंनी पार्लर बंद केलं. डोळे साथ देईनात. बारीक केस दिसेनासा झाला, तेव्हा म्हणाल्या, ‘‘अंदाजाने दोरा फिरवायचा नाय.’’ लांज्याला भाच्याकडे राहायला निघाल्या, तेव्हा आम्ही तिघं स्टँडवर गेलो. बाकावरच्या बऱ्याच जणी तिथे आल्या होत्या. गाडी सुटायच्या आधी काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि अंगठ्याने सईची हनुवटी चाचपली.

‘‘बरी आहे. वर्षातून एकदा रक्त तपास. आता मी नाय मागे लागायला.’’

‘‘भावोजी,’’ त्या मला म्हणाल्या, ‘‘घरात विचारत जा.’’

गाडी वळणाआड गेली. सई मैत्रिणींबरोबर थांबली आणि आम्ही दोघं चालत निघालो. मी बायकोला म्हणालो, ‘‘बरं झालं, आपल्या सईची त्यांच्याशी गाठ पडली.’’

 ती म्हणाली, ‘‘मलाही त्यांनीच डॉक्टरकडे पाठवलं होतं, नऊ वर्षांपूर्वी. थायरॉइडची गोळी घेते मी रोज उपाशीपोटी. तुम्हाला ती ताकदीची वाटते. मीच तसं सांगितलं होतं. अहो, माझंच मी घरात सांगितलं नाही, मग पोर तरी कोणाला बघून सांगायला शिकणार होती?’’