दादांच्या तोंडावरचा पट्टा

आकारामचा दिवस त्या दिवशी पहाटे चारला सुरू झाला. दहिवडीहून टेम्पो निघायच्या आत स्पीकरचे सगळे बॉक्स चढवायचे होते. बॉक्स उचलताना एका बाजूला आकाराम एकटा, दुसऱ्या बाजूला दोघे तरणे. असं कोणी ठरवलेलं नव्हतं. तरण्यांनी सोयीनं तसं करून घेतलं होतं.

तरुणपणी तो मुंबईत माथाडी होता. गोदाम बंद पडल्यावर माण तालुक्यात गावी परतला आणि वीरधवलच्या साऊंडवर लागला. बॉक्सांचे थर रचणं आणि ते मागच्या लोखंडी खांबाला आवळणं हे त्याचं काम. ट्रकवरच्या मालाला बांधतात तसला खटक्याचा रुंद पट्टा तो वापरायचा. थर रचला की एकदा आवळायचा. मग एक गाणं वाजू द्यायचं. थरथरून बॉक्स जागेवर बसतात आणि पट्टा सैल पडतो. तेव्हा दुसऱ्यांदा आवळायचा, तोही पाय खांबाला रोवून. पहिलं आवळणं बघणाऱ्यासाठी, दुसरं कामासाठी, असं तो म्हणे.

घरी मुलगी होती, क्रांती. पोलीस भरतीसाठी रोज डांबरी सडकेच्या कडेनं धावायची. गेल्या खेपेला लेखी परीक्षेत थोडक्यात हुकली होती. वयात बसणारी ही शेवटचीच भरती. या वेळी सांगलीच्या अकॅडमीत राहून तयारी करायची होती, आणि तिची फी बापाच्या मजुरीतून जायची होती. जत्रांच्या हंगामाची सगळी मजुरी वीरधवलकडेच जमा होती. हंगाम संपला की एकदम देतो म्हणाला होता.

हंगामातलं शेवटचं काम कवठे महांकाळच्या पलीकडच्या एका गावात होतं. जत्रेचा ऑर्केस्ट्रा. खर्च शंभूराजदादांचा, कारण दादा निवडणुकीला उभे होते. आकारामनं थर रचला, एकदा आवळला, एक गाणं वाजवून घेतलं. दुसऱ्यांदा आवळायला पट्टा सोडला तेवढ्यात दादांची पोरं आली आणि त्यांनी दादांचा भला मोठा फ्लेक्स थरावर सोडला. वरच्या बॉक्सच्या कड्यांनाच बांधला. नारळ फोडला, हार घातला. आकारामनं मग पट्टा फ्लेक्सवरून घेतला आणि पाय रोवून आवळला.

दादांचा पुतण्या इंद्रजित खाली उभा राहून बघत होता.

"ए मामा, कुणी बांधलाय ह्यो?"

"म्या."

"डोळं हायत का बटणं? दादांच्या नाकावरनं गेलाय की."

"फ्लेक्स बॉक्सच्या कड्यास्नी बांधलाय. वारं भरलं की वरचा बॉक्स वडून आणंल. फ्लेक्स उतरवा, मी पट्टा आतनं घेतो."

"नारळ फुटल्यावर दादास्नी खाली उतरवायचं? विलेक्शनच्या तोंडावर?"

"मग फ्लेक्सला चार भोकं पाडतो. वारं निघून जाईल."

"कुठं पाडतोस? दादांच्या डोळ्यात?"

पोरं खदखदून हसली. "मामाला दादास्नी मत द्यायचं न्हाई वाटतं," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "माणातलं म्हातारं हाय रं, हितं कोण इचारतंय त्येच्या मताला!"

गलका ऐकून वीरधवल आला. "आकाराम, काढ तो पट्टा."

"मालक, वारं सुटतंय संध्याकाळचं."

"मजुरी मी देतो का पट्टा देतो तुला?"

आकारामनं हात मागं घेतले. मग इंद्रजितच स्टुलावर चढला, खटका उघडला आणि पट्टा मेलेल्या सापासारखा लांब भिरकावला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"एवढंच भ्या वाटतंय तर मागं जाऊन धरून बस," वीरधवल म्हणाला.

तो टोमणा होता. आकारामनं ते काम म्हणून केलं. मागच्या खांबाच्या आडव्या दांडीवर पाय देऊन तो चढला आणि वरच्या बॉक्सची मागची दोन्ही कडी त्यानं धरली. दिवस मावळायला आला होता. कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक ठोक्याला कडी हातात नाचत होती. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. बोटं बधिर झाली तेव्हा त्यानं कड्यांत मनगटं अडकवली. खालून जाणारा एकजण ओरडला, "मामा, बॉक्सला मिठी मारलीया जणू!"

दादांचा सत्कार झाला, पोरं थरासमोर नाचायला लागली, आणि माळावरनं वाऱ्याचा झोत आला. फ्लेक्स शिडासारखा फुगला. आकारामनं अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावला. माणसाचा जोर तेवढ्याला पुरत नाही. कड्यांनी मनगटाची कातडी सोलून नेली आणि बॉक्स पुढं गेला. खाली इंद्रजित नाचत होता. बॉक्स त्याच्या मांडीवर पडला.

पोरं इंद्रजितला उचलून जीपकडं धावली. आकाराम दांडीवरून खाली उतरला तेव्हा वीरधवल फेकलेला पट्टा शोधून आणत होता. त्यानं तो उरलेल्या थराभोवती गुंडाळला आणि खटका अर्धा लावून सोडून दिला. आकारामकडं बघतच लावला. थोड्या वेळानं पोलीस जमादार आले. त्यांनी पट्टा हलवून बघितला. तो सैल होता.

"बांधणारा कोण?"

वीरधवलनं आकारामकडं बोट केलं. आकाराम म्हणाला, पट्टा काढला होता. आजूबाजूला सगळा गाव उभा होता. जमादारांनी विचारलं, पट्टा काढताना कोणी बघितलं? कोणी बघितलं नव्हतं.

इंद्रजितला मिरजेला नेलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. शंभूराजदादांनी वीरधवलला बोलावून एवढंच विचारलं, पोराच्या पायाचं कोण बघणार? वीरधवलला पुढच्या वर्षीची जत्रा हवी होती. तो म्हणाला, ज्याची चूक त्याची मजुरी माझ्याकडं पडून आहे.

क्रांतीनं कोणाच्या तरी मोबाईलवरचा, बॉक्स पडायच्या आधीचा व्हिडिओ मिळवला. नाचणारी पोरं आणि मागं दादांचा चेहरा, नाकावर पट्टा नाही, सगळं स्वच्छ. ती तो घेऊन वीरधवलच्या दारात गेली. त्यानं शेवटपर्यंत बघितला.

"मग पट्टा काढू का दिला तुझ्या बापानं?" तो म्हणाला. "बांधणारा तो. अडवायचं त्यानं."

"तुमीच सांगितलं म्हणं काढायला."

"मी सांगतोच. मी मालक हाय. हा व्हिडिओ दादास्नी दाखव जा, पुतण्याचं नाव घिऊन. मग बघ कुठली भरती हुतीस ती."

ती परत आली. आकाराम दारात बसला होता, मनगटांना हळद लावलेली. दुसऱ्या दिवशी ती धावायला गेली, त्यानंतरच्याही दिवशी गेली. अकॅडमीत नाव घालायची मुदत गेली. भरतीला ती तशीच उतरली. धावण्यात पहिल्या ओळीत आली, लेखी परीक्षेत राहिली.

इंद्रजित दिवाळीला काठी टाकून चालायला लागला. आकारामच्या अख्ख्या हंगामाची मजुरी त्याच्या मांडीत बसवलेल्या सळईला गेली.