नंबरावरची कवटी

डिजिटल चाचेगिरीच्या बाजूनं बोलून मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वादविवादाचं पहिलं बक्षीस मिळवलं आहे. प्रशस्तिपत्र माझ्या पेटीत कपड्यांच्या तळाशी आहे. कपडे काढताना त्याला हात लागला की मला पाल अंगावर पडल्यासारखं होतं. फेकूनही देववत नाही, कारण आमच्या घरात कुणाच्या नावाचं छापील कागदावरचं कौतुक तेवढं एकच आहे.

धुळ्यात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, नरडाण्याजवळच्या खेड्यातली. मी तिला अक्का म्हणायचे. ती पदवी संपवून भरतीच्या परीक्षेची तयारी करत होती. त्यासाठी तिनं जळगावच्या एका क्लासचा कोर्स मोबाइलवर विकत घेतला होता. त्याच्या फीसाठी ती चार महिने नरडाण्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला गेली होती. आठ तास उभं राहायचं काम. रात्री झोपताना पायाखाली उशी घ्यायची सवय तिला तिथूनच लागली.

त्या अ‍ॅपमध्ये सर शिकवत असताना, कोर्स ज्याचा आहे त्याचा मोबाइल नंबर पडद्यावर फिरत असे. पुसट करडे आकडे, कधी फळ्याच्या कोपऱ्यात, कधी सरांच्या पोटावर. कुणी चोरून व्हिडिओ काढलाच तर तो कुणाच्या फोनवरून काढला ते कळावं म्हणून ही युक्ती. अक्काला त्या नंबराचं कौतुक होतं. "देख वं, सरसना पोटवर मना नंबर," असं अहिराणीत म्हणून ती हसायची. मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होते, पण पुढे मलाही परीक्षा द्यायच्याच होत्या. संध्याकाळी पोळ्या करायला जाताना ती फोन माझ्या हातात द्यायची. "मी पोया करस, तवलग तू देखी ले."

कॉलेजात आमचा एक मोबाइल ग्रुप होता. नाव 'जहाज'. तो चालवणारा मुलगा तिसऱ्या वर्षाचा, चाळीसगावहून रोज गाडीनं यायचा. त्याला सगळे कप्तान म्हणत. बोलायला फार गमत्या. "पांझरेत गुडघाभर पाणी नाही, तरी आपलं जहाज बुडत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ग्रुपवर सिनेमे, पुस्तकांच्या पीडीएफ, क्लासचे व्हिडिओ असं सगळं फुकट असायचं. आम्ही सारे खलाशी. काही नवीन आलं की 'लूट आली रे' म्हणून तलवारींची चित्रं पडायची. नियम एकच. लूट घ्यायची तर लूट आणायची. महिनाभर रिकाम्या हातानं बसलेल्याला 'फळीवरून समुद्रात' ढकलायचे, म्हणजे ग्रुपमधून काढून टाकायचे.

मला तिथल्या पुस्तकांची गरज होती, हे मी आजही म्हणेन. माझ्या इंग्रजीच्या पेपरचं संदर्भपुस्तक कॉलेजात एकच होतं आणि ते काचेच्या कपाटात कुलपाआड असायचं. ग्रुपवर मला ते पहिल्याच दिवशी मिळालं. महिना संपत आला तशी माझी पाळी आली. माझ्याकडे आणण्यासारखं काहीच नव्हतं. अक्काचा फोन मात्र होता.

अ‍ॅपमधून व्हिडिओ उतरवता येत नसे. म्हणून मी तिचा फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचे, समोर पुस्तकांच्या चळतीवर माझा फोन, आणि चित्रण करायचे. ती बाहेरच्या ओट्यावर स्टोव्हपाशी. अशी अकरा व्याख्यानं मी काढली. एकात मध्येच तिचा आवाज आला आहे, "च्या गार हुई ऱ्हायना, ये ना वं!" मला ते ऐकू आलं होतं. पुन्हा काढायचा कंटाळा केला.

कप्तानानं त्या फिरत्या नंबरावर एक हसरी कवटी चिकटवली, एका डोळ्यावर पट्टी बांधलेली. नंबर जाईल तिथे कवटी जायची. सर घसारा शिकवताहेत आणि कवटी त्यांच्या खांद्यावरून पोटावर उडी मारते आहे. मी ते बघून मनापासून हसले. अक्काचं चहाचं वाक्य तर ग्रुपवर इतकं गाजलं की जो तो लूट टाकली की खाली तेच लिहू लागला. तिच्या बोलण्याची नक्कल करणाऱ्या आवाजी चिठ्ठ्याही आल्या. नक्कल करणारी पोरं घरी आईशी त्याच भाषेत बोलत होती. माझीही आई तशीच बोलते. मी तरीही हसण्याचं चिन्ह टाकलं. न टाकलं तर कुणाला संशय येईल असं वाटलं, आणि त्याहून खरं सांगायचं तर, माझ्यामुळे ग्रुप हसतोय याचं मला बरं वाटलं होतं.

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी अक्का कॉटवर बसून फोन पुन्हापुन्हा चालू-बंद करत होती. परीक्षा अठरा दिवसांवर होती.

"मना कोर्स बंद पडी गया वं," ती म्हणाली. "नियमभंग झाला म्हने. मी ते कोनलेच दिधा नही. तुले काय वाटस?"

"सर्व्हर डाऊन असेल," मी म्हणाले. तिच्याशी मी एरवी अहिराणीतच बोलायचे. त्या दिवशी तोंडून पुस्तकी मराठी निघाली.

मी बाहेर येऊन ग्रुप उघडला. एका व्हिडिओत नंबर झपकन फळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला होता आणि कवटी मागे राहिली होती. दोन-तीन सेकंदच. पण दहाही आकडे स्वच्छ दिसत होते. कप्तानानं लिहिलं होतं, "एक खलाशी बुडाला. टोप्या काढा." खाली हसण्याच्या चिन्हांची रांग. कुणीतरी विचारलं होतं, "कोण होती रे बिचारी?" उत्तर आलं होतं, "च्यावाली."

दुपारी मी डोळ्यावर काळी पट्टी बांधून स्टेजवर उभी राहिले. पट्टीची कल्पना कप्तानाची. विषय होता, डिजिटल चाचेगिरी ही चोरी की गरज. मी गरजेच्या बाजूनं. सुरुवातीला जहाजाचे, खजिन्याचे विनोद केले, हॉल हसला. मग पट्टी काढून मी माझ्या घराबद्दल बोलले. पाचवीपुढे कुणी गेलं नाही, घरात पहिलं पुस्तक माझ्यासाठी आलं, आणि ज्ञान कुलपात ठेवणारेच खरे चोर आहेत. टाळ्या पडल्या. अक्का तिसऱ्या रांगेत होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. ती उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मी बोललेलं सगळं खोटं नव्हतं. कपाटाला कुलूप घालणाऱ्यांचा राग मला आजही येतो. पण त्या भाषणात मी म्हणाले होते की नक्कल केल्यानं कुणाचं काही कमी होत नाही. क्लासच्या सरांचं कदाचित नसेलही झालं. ज्या बाईचं सगळंच गेलं होतं ती माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती, आणि मी तिच्याकडे बघून मान झुकवली.

दोन दिवसांनी आम्ही एसटीनं जळगावला क्लासच्या ऑफिसात गेलो. मी सोबत गेले ते अक्कानं बोलावलं म्हणून. "तुले चांगलं बोलता येस, तू बोलजो," ती म्हणाली होती.

ऑफिसातले गृहस्थ शांत होते. त्यांनी अक्काचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि संगणक आमच्याकडे वळवला. "ताई, हा तुमचाच नंबर ना?" कवटी मागे राहिल्याची जागा त्यांनी थांबवून दाखवली. अक्का कवटीकडे बघतच राहिली. तिला ते काय आहे हेच कळेना. मग त्यांनी दुसरा व्हिडिओ लावला. सरांचा आवाज, आणि त्यावरून तिचा, "च्या गार हुई ऱ्हायना, ये ना वं!"

"हाऊ मनाच आवाज शे," अक्का म्हणाली.

"म्हणजे तुम्ही मान्य करता?"

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. फोनच्या मागे पिठाच्या डब्याची कड दिसत होती, पोचा आलेली. तिनं बोट तसंच ठेवलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, माझं नाव घेतलं नाही. मी कधी बोलते एवढीच ती वाट बघत होती.

समोरच्या भिंतीवर निवड झालेल्या मुलामुलींचे फोटो होते. मी ते बघत राहिले. एक ओळ झाली, दुसरी झाली. अजूनही सुटता येईल, ती काही म्हणणार नाही, असं माझ्या डोक्यात स्पष्ट येऊन गेलं. ते येऊन गेलं हे मला सांगितलंच पाहिजे.

"मी काढले," मी म्हणाले. "अकराच्या अकरा. तिला माहीत नव्हतं."

गृहस्थांनी मला कागद दिला. दोन तास वाद घालू शकणाऱ्या मला चार ओळी लिहायला अर्धा तास लागला. त्यांनी वाचून विचारलं, "तुम्ही काय करता?"

"शिकते."

"बरं," ते म्हणाले. सरांना विचारून संध्याकाळपर्यंत कळवतो, सुरू झालाच तर फोन दुसऱ्या कुणाच्या हातात जाता कामा नये, असं त्यांनी अक्काला सांगितलं. तिनं हात जोडले. कशासाठी, हे मला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. एरंडोल मागे पडलं. मी एकदा "अक्का" म्हणाले. तिनं पिशवी मांडीवरून काढून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. पारोळ्याच्या स्टँडवर तिचा फोन वाजला. तिनं संदेश दोनदा वाचला, डोळे पुसले आणि लगेच व्हिडिओ लावला. सोळा दिवस उरले होते. मी शेजारी होते म्हणून ती फोन तिरका, खिडकीकडे वळवून धरायला लागली. बाहेरचं ऊन थेट पडद्यावर येत होतं, तिला काही दिसत नव्हतं, तरी ती तसाच धरून बसली.

मी उठून मागच्या सीटवर गेले. मग तिनं फोन सरळ केला.