किल्ल्यावरून उलटं उतरताना

कॅनडातल्या केंब्रिजच्या कार प्लांटमध्ये मी बावीस वर्षं काम केलं. लाइनवरून गाडी उतरली की तिचे दरवाजे, काचा, रंग तपासायचे. प्लांट जपानी होता. तिकडून येणाऱ्या ट्रेनर्सबरोबर कँटीनमध्ये डबा खाल्ला होता, त्यांच्याकडून वाकून नमस्कार करायला शिकले होते, पण जपान काही पाहिलं नव्हतं. रिटायर झाले त्याच आठवड्यात मुलीचा रिचमंड हिलहून फोन आला.

"आई, आय बुक्ड द टिकेट्स. नोव्हेंबर. नो आर्ग्युमेंट्स."

"अगं, विंटर टायर्स टाकायचेत, घर गरम करणारी फर्नेस तपासायला माणूस यायचाय..."

"ऑक्टोबरमध्ये कर ना सगळं," ती इंग्रजीतच म्हणाली.

आमचं बोलणं असंच चालतं. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. तिला समजतं सगळं, पण शाळेत जायला लागली तेव्हापासून मराठी शब्द तिच्या तोंडून क्वचितच आला. तिचे बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून ती माझ्यावर पहारा ठेवते. बर्फ पडला की सकाळी सातला फोन: तू स्वतः फावड्यानं बर्फ काढला नाहीस ना? माझा उजवा गुडघा दुखतो, हे तर ती भेटेल त्याला सांगते.

जपानमध्ये पाचव्या दिवशी आम्ही एका लहानशा शहरातला जुना किल्ला पाहायला गेलो. माझं माहेर साताऱ्याकडचं. किल्ला म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर डोंगर, काळा दगड आणि धापा टाकत चढणं. हा किल्ला गावाच्या मधोमध होता, भोवती पाण्यानं भरलेला रुंद खंदक, खंदकाकाठी मोठं उद्यान. दगडी तट आपल्यासारखाच, पण तटावर उभा होता तो पांढऱ्या भिंतींचा, काळ्या कौलांचा सहा मजली लाकडी वाडा. गिंको नावाच्या झाडांची पिवळीधमक पानं सगळीकडे पसरली होती आणि दोन म्हातारे बांबूच्या खराट्यांनी ती गोळा करत होते. मला वाटलं, हे इतकं सुंदर, इथून लढाई कोण करणार? पण आत जाण्याची वाट दर वीस पावलांवर वळत होती, आणि प्रत्येक वळणावर भिंतीत जंग्या, म्हणजे बाण-गोळ्या मारायची भोकं होती, काही त्रिकोणी, काही गोल. आत शिरलेला शत्रू गोंधळावा म्हणून केलेली युक्ती. मी मुलीला म्हटलं, "बघ, आमच्याकडेही असंच. दरवाजा सरळ समोर कधीच ठेवत नाहीत."

"कूल," ती म्हणाली, आणि खरंच जंगीतून वाकून पाहू लागली.

आत बूट काढून पिशवीत घ्यायचे होते. लाकडी जमीन शेकडो वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झाली होती. आणि जिने! जिने कसले, कठडा लावलेल्या शिड्याच. मुलीनं पहिला जिना पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई, यू डोन्ट हॅव टू."

"तू पुढे हो," मी म्हटलं.

चढणं अवघड गेलं नाही. दोन्ही हातांनी कठडा धरायचा, गुडघ्याला दम द्यायचा. वरच्या मजल्यावर गार वारा होता. चारी बाजूंच्या खिडक्यांतून कौलारू घरं, शाळेचं मैदान, दूर निळे डोंगर. मला फार बरं वाटलं. आपण इथवर आलो, स्वतःच्या पायांनी, असं.

उतरायला वळले आणि खाली पाहिलं मात्र, पाऊल मागे घेतलं. पायरी दिसेना, नुसता अंधारा खड्डा. मोजे लाकडावर सरकत होते. मागे लोक थांबले. मी बाजूला होऊन खांबाला टेकले आणि मुलीला म्हणाले, "मला जमणार नाही गं."

तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात तिथला स्वयंसेवक आला, सत्तरीचा, निळ्या जाकिटातला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं मागच्या लोकांना हात जोडून थांबवलं, मग स्वतः जिन्याकडे पाठ करून, शिडी उतरावी तसं दोन पायऱ्या उतरून दाखवलं. पाय ठेवण्याआधी पायरीकडे बोट दाखवून तो खणखणीत आवाजात म्हणाला, "योशी!"

मला हसूच आलं. प्लांटमध्ये पहिल्या महिन्यात हेच तर शिकवलं होतं: बोट दाखवा, मोठ्यानं 'योशी', म्हणजे 'ठीक आहे', म्हणा, मग पुढे व्हा. मी पायरीकडे बोट केलं आणि म्हटलं, "योशी!" म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले. तो टाळ्या वाजवू लागला.

मुलगी माझ्या खाली उभी राहिली. मी उलटी उतरू लागले. मला पायरी दिसत नव्हती, तिला दिसत होती. माझा घोटा धरून ती बोलू लागली.

"आई, डावा पाय खाली घे. अजून. अजून थोडा. हां, टेकला. आता उजवा. सावकाश. मी आहे."

पाच जिने आम्ही असे उतरलो. ती मराठीत सांगत होती आणि मी ऐकत होते. गंमत म्हणजे तिचं मराठी अगदी स्वच्छ होतं.

खाली उद्यानात बाकावर बसून आम्ही भाताचे त्रिकोणी गोळे खाल्ले. मी विचारलं, "तुला एवढं मराठी येतं?"

तिनं बोटांना चिकटलेली शितं पुसली. मग म्हणाली, "बाबा असंच बोलायचे. सायकल शिकवताना. पाय टेकव, मी आहे. आय डोन्ट नो, इट जस्ट केम आउट."

तिच्या बाबांविषयी आम्ही दोघी तीन वर्षांत सरळ अशा कधी बोललोच नव्हतो. मी रडेन म्हणून ती टाळत होती, ती रडेल म्हणून मी. त्या दुपारी बोललो. ते सायकलमागे धावताना शेजाऱ्याच्या मेलबॉक्सवर कसे आदळले होते, ते तिनं करून दाखवलं, आणि बाजूच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहावं इतक्या आम्ही हसलो.

मग खंदकाच्या काठानं पूर्ण फेरी मारली. गुडघा दुखत होता, पण मी बोलले नाही आणि तिनंही विचारलं नाही. नुसती माझ्या चालीनं चालत राहिली. पाच वाजता खांबांवरच्या कर्ण्यांतून एक संथ धून वाजू लागली. आम्ही चमकून पाहिलं. नातवाला घेऊन चाललेल्या एका आजींनी खुणेनं सांगितलं: मुलांनी आता घरी जायचं.

"जायचं?" मी विचारलं.

"अजून दहा मिनिटं," मुलगी म्हणाली, आणि आम्ही पुन्हा बसलो.