गोऱ्याचं भजन

आमच्या सेनगाव भागातल्या सप्त्यांत अजूनही एक चाल वाजते. पेटीवर ती सुरू झाली की म्हातारी माणसं डोळे मिटतात, बायका हात जोडतात आणि मी पदर पुढे ओढून दुसरीकडे बघते. लोकांना वाटतं, बाईला भक्तीचं भरतं आलं. भरतं कसलं, शरमेनं कानशिलं तापलेली असतात. त्या चालीचा देवाशी काडीचा संबंध नाही, हे त्या अख्ख्या मांडवात दोघांनाच ठाऊक असतं. एक मी आणि दुसरे पेटी वाजवणारे आमचे मालक.

मी लग्न होऊन पुसेगावजवळच्या त्या गावात आले तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. मालक शेती करायचे आणि भजनी मंडळात पेटी धरायचे. मंडळाचा रिवाज असा की अभंग जुने, पण चाली नव्या. एखादं सिनेमाचं गाणं गाजलं की महिन्याभरात त्याच्यावर अभंग बसलेला असे. त्यासाठी मालक हिंगोलीच्या एका दुकानातून कॅसेटी भरून आणत. दुकानदार मोठा व्यवहारी माणूस. भजनं संपून पट्टी उरली की ती कोरी ठेवायला त्याचा जीव होत नसे, हाताला लागेल ते गाणं तो शेवटी भरून द्यायचा.

असंच एका कॅसेटीत, गजर संपल्यावर, एक गोरा माणूस गायला लागला.

आधी नुसती गिटार होती, एकेक तार सावकाश छेडलेली. त्यावर तो इतक्या खालच्या आवाजात बोलायचा की गाणं सुरू झालंय हेच कळत नव्हतं. दुसऱ्या कडव्याला ड्रम पडला. धृपदाला सगळे वाजवणारे एकदम तुटून पडले, मध्येच दुसरी एक गिटार एकटी हंबरडा फोडून गेली आणि शेवटी सगळी वाद्यं थांबवून त्यानं पहिली ओळ नुसत्या तोंडानं म्हटली. मालकांनी बटण दाबून पट्टी मागे नेली, पुन्हा ऐकलं, पुन्हा नेली.

"आपलं भजन बी असंच चढतं बघ," ते म्हणाले. "आधी हळू, मंग टाळ, मंग गजर. पण ह्याची एक गडबड हाय. ह्यो कडव्यात सा वर येतच न्हाई."

सा म्हणजे चालीचं घर. कुठंही हिंडा, शेवटी तिथं येऊन टेकायचं. हा गोरा मात्र तीन ओळी पायरी पायरीनं खाली यायचा आणि चौथ्या ओळीला दारात येऊन उभा राहायचा. आत काही यायचा नाही. शेवटची ओळसुद्धा तशीच लटकती सोडलेली.

"काय म्हणून राहिला गं ह्यो? तुझं तं इंग्रजी हाय."

माझं इंग्रजी होतं खरं. एस.टी.नं हिंगोलीला जाऊन-येऊन मी बी.ए. केलं होतं आणि सासरी त्याचा उपयोग फवारणीच्या डब्यावरचं वाचण्यापुरता होत होता. दोनदा ऐकल्यावर मला गाणं बरंचसं कळलं आणि कळलं तिथंच माझी बोबडी वळली. कारण शेजारी सासूबाई तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर कसं सांगू, की हा माणूस बायकोला म्हणतोय, तू गेलीस तेव्हापासून अंथरूण मोठं झालंय, तुझ्याशिवाय मला झोप लागत नाही?

"देवाला बोलावून राहिलाय," मी म्हणाले. "ये म्हणतोय. लई दिस झाले म्हणतोय."

सासूबाईंनी सूप खाली ठेवून टेपला हात जोडले. "कोणच्या का बोलीत असंना, देव एकच," म्हणाल्या. त्या दिवसापासून रोज तिन्हीसांजेला फर्मान सुटायचं, "त्या गोऱ्याचं भजन लाव गं." मी लावायचे. तो बिचारा बायकोसाठी तळमळायचा, सासूबाई माळ ओढायच्या आणि मी चुलीपुढं तोंड लपवून बसायचे.

मालकांनी त्यावर देवाला ये म्हणणारा एक जुना अभंग बसवला. मंडळातल्या लोकांना अधांतरी सोडणं जमेना, म्हणून कडव्याचा शेवट त्यांनी ओढूनताणून सा वर आणला. अभंग गाजला. माझ्या थापेला पाय फुटले आणि ती गावोगाव हिंडायला लागली.

पुढं एका वर्षी सेनगावला एका शाळेत मला मास्तरीण म्हणून बोलावलं. पगार जेमतेम, पण माझ्या इंग्रजीला विचारणारं कुणीतरी भेटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरच्या बाया चाकरीला जात न्हाईत." मी मालकांकडे बघितलं. मालक पेटीचा भाता पुसत होते. पुसतच राहिले. ते एक शब्द बोलले असते, अगदी न्हाई म्हणाले असते, तरी मला चाललं असतं.

पंचमीला भाऊ न्यायला आला, तशी मी औंढ्याकडच्या माहेरी आले. आमच्याकडे लेक माहेरी आली की सासरहून बोलावणं यावं लागतं, नाहीतर न्यायला माणूस. तिनं आपणहून परत जाणं म्हणजे तिच्या बापाची मान खाली. पोळा झाला, दसरा झाला, दिवाळी झाली. बोलावणं आलं नाही. बोअरवर पाणी भरायला गेलं की बायका विचारायच्या, "बोलावणं आलं का गं बाई?" मी घागर भरायच्या आत उचलायचे. वडील काही विचारत नव्हते, त्याची जास्त शरम वाटायची. पारावर बसणंही त्यांनी सोडलं होतं.

मार्गशीर्षात आमच्या गावचा सप्ता असतो. काल्याच्या दिवशी सकाळी आजूबाजूची मंडळं भजनाला येतात. मी बायकांच्या बाजूला वहिनीजवळ बसले होते. एक मंडळ उठलं, दुसरं बसलं आणि वहिनीनं मला कोपर मारलं. पेटीवर मालक होते.

ते वाळले होते. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. पेटीवर बोटं टेकवली आणि तीच चाल सुरू झाली. पण या वेळी ओढूनताणून सा वर आणलेली नव्हती. कडवं दारात येऊन थांबलं, टाळकरी गोंधळले, मालकांनी तसंच दुसरं धरलं. 'ये' या शब्दावर सारा मांडव डोलायला लागला.

मला वाटलं, यांनी कुणाकडून तरी खरा अर्थ विचारून घेतला. हा माणूस भर मांडवात, माझ्या गावापुढं, देवाच्या आडून मला ये म्हणतोय. शेजारची म्हातारी डोळे पुसत होती. मला इतकी लाज वाटत होती की भुईत शिरावं, आणि इतका आनंद होत होता की त्याचीच आणखी लाज वाटत होती. मी उठले, घरी गेले आणि कुणी काही म्हणायच्या आत पिशवी भरली.

भजन झाल्यावर वडिलांनी रीतीप्रमाणे सगळं मंडळ घरी चहाला आणलं. माणसं ओसरीवर बसली. मालक पाणी प्यायचं निमित्त करून आतल्या खोलीच्या दारात आले. मी तांब्या दिला आणि खाली बघूनच विचारलं, "अर्थ कुणी सांगितला तुमाला?"

"कशाचा?"

"त्या गाण्याचा."

"तूच तं सांगितलता. देवाला बोलावतो म्हणून."

"मंग आज सा वर काहून न्हाई आणलं?"

"येत न्हाई आता," ते म्हणाले. "हातच जात न्हाई तिकडं."

एवढ्यात त्यांचं लक्ष दारामागच्या पिशवीकडे गेलं. वरून माझी साडी बाहेर आली होती. "कुठं निघालीस?" त्यांनी विचारलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मंडळाला आमंत्रण होतं म्हणून हा माणूस आला होता. कुणी मला बोलावलं नव्हतं आणि मी पिशवी भरून तयार! रडू आलं, मग राग आला. रागाच्या भरात मी त्यांना सगळं खरं सांगितलं. म्हटलं, तो देवाला बोलावत नाही. तो आपल्याच उंबऱ्यावर उभा आहे. बायको गेली आणि ती जाताना हा तोंडातून शब्द काढू शकला नाही. घरात दिवा आहे, पण त्याला आत जाववत नाही. सासूबाईंसमोर गिळलेली ओळही सांगितली, अंथरुणाची, झोपेची. सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं की जे यांच्या तोंडून ऐकायला मी चार महिने वाट बघितली, ते मीच यांना म्हणून दाखवत होते.

मालक चाल ऐकताना उभे राहतात तसे डोळे मिटून उभे होते. "म्हणून येत न्हाई व्हय ते सा वर," एवढंच पुटपुटले आणि तांब्या माझ्या हातात देऊन बाहेर गेले.

मी पिशवी रिकामी करायला घेतली. तेवढ्यात ओसरीवरून त्यांचा आवाज आला. गाताना गोड लागणारा तो आवाज बोलताना नेहमीच चिरका येतो.

"मामा," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "लेकीला पाठवा. शाळेचं मी आईशी बोलतो. तवा बोलायला पायजे व्हतं, बोललो न्हाई." पेटी उचलल्याचा आवाज आला. "झोप लागत न्हाई मला हिच्याबिगर."

ओसरीवरच्या बशांचा आवाज थांबला. एका टाळकऱ्याला ठसका लागला. वहिनीनं तोंडात पदर कोंबला. वडील, त्या सगळ्या माणसांत, कपातल्या चहाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "घेऊन जावा."

त्या माणसांसमोरून पुढच्या दारानं जायची माझी छाती नव्हती. मी पिशवी उचलली आणि मागच्या दारानं, गोठ्याच्या कडेनं बाहेर पडले. पेटी खांद्यावर घेऊन मालक आधीच तिथं येऊन उभे होते. त्यांचीही मान खालीच होती.